डावीकडे जाणारं विमान

ही वही कधी कुणाच्या हातात पडली तर आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर धड वाचता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपुढं कुणी शिकवलं नाही, आणि चौथीतही निम्मे दिवस मी म्हशींमागंच होते. रेघेवर सुरू केलेली ओळ माझ्या हातून खाली उतरत जाते आणि पानाच्या शेवटी पुढच्या रेघेला जाऊन टेकते. त्याबद्दल माफ करावं. रोज काकूंना पेपर वाचून दाखवते, त्यामुळं शब्द ओळखीचे झालेत. पण एखाद्याला रस्त्यात ओळखणं वेगळं आणि घरात बोलावून बसवणं वेगळं. चुका होतील.

लिहायला बसले ते परत सुगी आली म्हणून. आमच्या कंग्राळीत आता जिकडं बघावं तिकडं भात. कापलेलं, बांधलेलं, झोडपलेलं. केसांत कुसळं, चहात कुसळं, अंथरुणात कुसळं. सकाळी धुकं खळ्यावर असं बसतं की समोरची भाताची रास दिसत नाही, नुसता ओल्या पेंढ्याचा वास येतो. दहा वाजले की पूर्वेचं कोरडं वारं सुटतं आणि ओठ फुटतात. मी सूप घेऊन उभी राहते. वारं देताना सूप किती उंच धरायचं, किती कलतं करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वारं बाजूनं आलं की हात आपोआप थोडा वाऱ्यावर रेलतो. दाणे पायाशी पडतात, भुसा लांब उडतो. वारं पडलंच तर मालक मोठा पंखा लावतात. यंदाही लावला. चांगला चालतो, कुरकुरत नाही.

मालक म्हणजे माझे यजमान. नाव मी लिहीत नाही, पुढं काकांच्या तोंडून येईलच. ते उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आहेत. मी शहरात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ वकीलकाकांच्या घरी स्वयंपाकाला जाते, झाडू-फरशीही बघते. अकरा वर्षं झाली. काकांनी कोर्ट सोडलं, पण उलटतपासणी सोडली नाही.

"भाजीत मीठ कमी आहे."

"व्हय काका."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

आता ह्यावर काय बोलायचं? 'व्हय' म्हटलं तरी गुन्हा, 'नाही' म्हटलं तरी गुन्हा. मी पदर तोंडाला लावते आणि मीठ आणायला जाते. बोलायची मला पहिल्यापासून भीती आहे. चार माणसांत माझा आवाज निघाला की तो मलाच परका वाटतो.

काकू चांगल्या आहेत, पण चमचे मोजतात. अकरा वर्षं मोजतात. मी भांडी घासून पालथी घालते आणि त्या जाता-येता ओठ हलवत मोजतात, त्यांना वाटतं मला दिसत नाही. मोतीबिंदू त्यांच्या डोळ्यांत आहे, माझ्या नाही. मला राग येत नाही. परक्याच्या घरात वावरायचं तर अंगावर नजर घेऊनच वावरावं लागतं. मात्र सारखी दुसऱ्याची नजर अंगावर घेतली की तीच नजर आपल्यालाही लागते. आपणही मग माणसं मोजायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या माडीवरच्या खोलीतून कायद्याची पुस्तकं खाली गेली आणि टेबलावर भला मोठा पडदा आला. पडद्यासमोर एक काळा दांडा, वरवंट्याएवढा, बोटं बसतील अशा खाचा असलेला. त्याला जॉयस्टिक म्हणायचं. पहिल्याच दिवशी माझं फडकं त्याला लागलं आणि पडद्यावरचं विमान उजव्या पंखावर आडवं झालं. काका ओरडले, "अगं, दीडशे माणसं आहेत त्यात!" मी फडकं तिथंच टाकून जिन्यावर आले. नंतर मला हसू आलं, त्या दिवशी नाही.

काकांना लहानपणापासून विमान चालवायचं होतं. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं गच्चीवरून बघत ते वकील झाले. आता म्हातारपणी घरात बसून चालवतात. मला एकदा बोलावून म्हणाले, "ये, तुझं गाव दाखवतो." पडद्यावर खाली हिरवी-तपकिरी ठिगळं होती, एक रस्ता होता आणि एकसारखी झाडं. "ही बघ कंग्राळी." मी बघितलं. देऊळ नव्हतं, तळं नव्हतं, आमच्या घराच्या जागी झाडं होती. मी 'व्हय' म्हटलं. पण मनात धरून ठेवलं, की ह्या यंत्राला आमचं गाव माहीत नाही आणि तरी ते दाखवतं. ह्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तो काळा दांडा पुढं ढकलला की विमानाचं नाक खाली, मागं ओढला की वर, बाजूला कलवला की पंख कलतात. आणि तोच दांडा मनगटात पिळला की विमानाचं शेपूट वळतं. ह्या पिळण्यानं काकांचं मनगट दुखायला लागलं. खऱ्या विमानात शेपूट पायानं वळवतात म्हणे, खाली दोन पेडल असतात. उजवं दाबलं की नाक उजवीकडं, डावं दाबलं की डावीकडं. तसले पेडल बाहेरून मागवायचे तर किंमत ऐकून काकूंनी पोळी ताटात तशीच ठेवली.

तेव्हा मी बोलले. अकरा वर्षांत न विचारता बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल. "आमचे मालक लेथवर असतात. बघतील."

मालक आले. काकांनी मोबाईलवर चित्र दाखवलं. मालकांनी मान तिरकी करून बघितलं.

"ह्यात काय हाय काका? दोन पाटे, मधी एक आडवी पट्टी. एक पुढं गेला की दुसरा मागं."

"आणि पाय काढला की मधोमध परत यायला हवेत, मारुती. आपोआप. केसभरही इकडे-तिकडे नको."

"केसाचं काय घिऊन बसलाय? आमच्याकडं केसाचे धा भाग करून मोजत्यात."

काका खूश झाले. तीस हजार ठरले, अठरा हजार आगाऊ. काकांनी पावती लिहिली, रेव्हेन्यू स्टॅम्प लावला, मालकांची सही घेतली आणि पेन माझ्यापुढं केलं. "साक्षीदार." मी सही केली. काकांनी चष्मा कपाळावर सारून ती बघितली. "रेणुका, दिवाळीच्या बोनसला केलीस ती सही वेगळी होती."

माझी कुठलीच सही दुसरीसारखी होत नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ घासत उभी राहिले.

गेल्या सुगीच्या तोंडावर पेडल तयार झाले. मालकांनी ते पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आणले. पाट्यांवर काळा रबर, खाली जाड ॲल्युमिनियमची पाटी, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. मालक बोटानं एक पाटा ढकलायचे आणि सोडायचे. तो न डगमगता मध्यावर येऊन थांबायचा. "चारी बेअरिंग कोरी घातल्यात," ते म्हणाले. टेबलावर घसरणारी जॉयस्टिकही त्यांनी लोखंडी पकड करून पक्की बसवून दिली, तिचे पैसे लावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या सहा वाट्यांतली एकच उरली.

मी आमटी वाढायला वाटी घ्यायला गेले तर फडताळात एकच. काकू मागं उभ्या होत्या.   त्या म्हणाल्या, "रेणुका, स्टीलला आता भंगारात बरा भाव आहे म्हणे."  मी मोरी बघितली, खिडकी बघितली, माझी स्वतःचीच पिशवी उघडून बघितली. न घेतलेली वस्तू आपल्याच पिशवीत शोधावी लागते, तेव्हा काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

वाट्या माडीवर सापडल्या. पेडल दाबले की काकांची चाकाची खुर्ची मागं पळायची. खुर्चीला पाच चाकं. काकांनी एकेक चाक एकेका वाटीत बसवलं होतं आणि त्यात ते राजासारखे बसले होते. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, लग्नातल्या वाट्या त्या!" काका म्हणाले, "आता बघ, एक इंच हलत नाही." माझ्याकडं कुणी बघितलं नाही. वाट्या मिळाल्या होत्या, पण भंगाराच्या भावाचं ते बोलणं कुणी परत घेतलं नाही.

खुर्ची हलायची थांबली, पण विमान डावीकडं जाऊ लागलं.

धावपट्टीवर पळायला लागलं की नाक डावीकडं. हवेत चढताना डावीकडं. काकांनी आधी कॉम्प्युटरला पेडलचं माप शिकवायचं ठरवलं. त्यासाठी मला खुर्चीत बसवलं. काकांच्या खुर्चीत, काकूंच्या वाट्यांवर! लाजेनं माझे कान तापले. चप्पल खाली होती, पाय उघडे. "दाब डावा, पूर्ण. आता उजवा. आता सोड." काका पडद्यावरची सरकणारी रेघ बघत होते. माझ्या तळव्यांखाली रबर गार होतं. डावीकडं जेवढा जोर लागत होता तेवढाच उजवीकडं. सोडलं की दोन्ही पाटे एकाच वेळी, एकाच ओढीनं मध्यावर यायचे. पायांना वाकडेपणा लगेच कळतो. बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या पायांना तर कळतोच. ते पेडल सरळ होते.

"रेघ मधोमध आहे," काका म्हणाले, "पण त्याला अर्थ नाही. मी मध्य म्हणेन तिथं ही मध्य मानते. पढवलेला साक्षीदार." मग मध्याजवळ थोडी जागा अशी ठेवली की तिथं पाय हलला तरी विमानाला कळू नये. तरी विमान डावीकडंच.

मालकांना बोलावलं. ते कामावरून तसेच आले, हाताला तेल होतं.

"मारुती, पेडल बसवण्याआधी विमान सरळ जात होतं का?"

"तुमीच म्हनता तर जात असंल."

"पेडल बसवल्यावर डावीकडे जातं का?"

"जातंय खरं."

"मग आणखी काय पुरावा हवा?"

मालकांनी पेडल उलटे करून बघितले, माप लावलं, स्प्रिंगा काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. "काका, वस्तू सरळ हाय." काका नुसते हसले. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी मग एक पातळ पट्टी काढली आणि एका स्प्रिंगेच्या मागं सारली. पाटे आता मध्याच्या केसभर उजवीकडं थांबायला लागले. "आता कॉम्प्युटरला परत माप शिकवू नका," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्यानं विमान चढताना सरळ जाऊ लागलं. आणि उतरताना उजवीकडं.

"आधी एक खोट होती, आता दोन," काका म्हणाले. "अठरा हजार परत आणून दे म्हणावं."

मालक घरी म्हणाले, "एक रुपाया देणार न्हाय. वस्तू सरळ हाय." आणि त्यांचं काकांशी बोलणं बंद झालं.

मी कुणाच्या बाजूनं होते? लिहिताना हात अडखळतो. मी मालकांच्या बाजूनं नव्हते. त्याच आठवड्यात त्यांचा जेवणाचा डबा काढताना पिशवीत कागदाची पुडी सापडली होती. उघडली तर जुनं बेअरिंग. काळं, वंगणानं माखलेलं, कडेला लाल रंगाचा टिपका. कोरी घातली म्हणाले होते. मग हे कुठलं? कोरी विकली आणि भंगारातली घातली, त्यातलं हे एक उरलं? मी पुडी परत बांधली आणि होती तिथं ठेवली. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि त्या उत्तराबरोबर पुढची सगळी वर्षं काढावी लागली असती.

गेल्या सुगीत मी रोज खळ्यावर उभी होते, मालक रास पुढं ओढत होते आणि मी त्यांचे हात बघत होते. वीस वर्षं ज्या हातांनी घरात एक खोटा पैसा आणला नाही, तेच हात. पंखा भरभरत होता. सुपातून भात पडत होतं, भुसा उडत होता. कुठला भरला दाणा आणि कुठलं रिकामं पोल, ते वारं कसं लगेच सांगतं! माणसाचं सांगणारं वारं मला कुठं भेटत नव्हतं.

साक्षीदार मी होते. पावतीवर माझी वाकडी सही होती. मी काकांना म्हटलं, "माझ्या पगारातून कापा. महिन्याला दोन हजार. मालकांना सांगू नका." काकू म्हणाल्या, "अहो, बाईच्या पगारातून कशाला?" पण काकांनी हिशोब तो हिशोब म्हणत पावती लिहिली. दर महिन्याला लिहायचे. मी त्या पावत्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची. पेडल वरच राहिले, पुरावा म्हणून. त्याच पुराव्यावर पाय ठेवून काका रोज चिडत उडायचे.

घरी मालकांनी विचारलं, "पगार एवढाच?"

"दोन हजार काकूंकडं साठवायला ठेवलेत."

"कशाला?"

"असंच."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. आता तेही मला मोजायला लागलेत, असं वाटलं. आमच्या घरात आवाज कधीच फार नव्हता. त्या थंडीत तर ताटावर चमचा ठेवला तरी ऐकू यायचा.

माडीवर फरशी पुसताना माझी पाठ पडद्याकडं असते. विमान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पट्टी घालण्याआधी इंजिनाचा आवाज चढला की काका म्हणायचे, "गेलं डावीकडे!" आवाज उतरला की गप्प. पट्टी घातल्यावर आवाज चढला की काका गप्प, आणि आवाज उतरला की, "गेलं उजवीकडे!" एक महिना ऐकलं, दोन महिने ऐकलं. एकदा पोछा पिळताना हात थांबले. विमानाचं वळणं आवाजाबरोबर हलतंय. पण पेडलांना कान कुठं असतात? इंजिन मोठ्यानं चाललंय का हळू, हे लोखंडाला कसं कळेल?

म्हणजे वाकडं दुसरंच काहीतरी होतं.

आणि तरी मी बोलले नाही. शिमगा जवळ आला तरी बोलले नाही. भीड होतीच, चौथी शिकलेल्या बाईनं वकिलाला काय सांगायचं? पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं ते लाल टिपक्याचं बेअरिंग होतं. पायांनी सांगितलं होतं, कानांनी सांगितलं होतं, तरी मला पिशवीतल्या एका पुडीचं जास्त खरं वाटत होतं. संशय एकदा डोक्यात बसला की आपलेच पाय आणि कान खोटे ठरवतो.

चौथी पावती झाली त्या दिवशी काका काकूंना म्हणाले, "हे पेडल आता भंगारात देऊन टाकू. मारुती चोर निघाला, झालं." मी जिन्यात होते, हातात बादली. चोर. हा शब्द मी स्वतः मनात कितीदा उच्चारला होता! पण दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकला आणि अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं. बादली पायरीवर ठेवली. वर गेले. दारात उभी राहून फरशीकडं बघत म्हटलं,

"काका, माझं माहेर कणकुंबीकडचं."

"मग?"

"आमच्या आप्पांच्या जोडीतला डावा बैल सारखा बाहेर ओढायचा. नांगर कायम डावीकडं जायचा. शेजारचे म्हणायचे नांगर वाकडा हाय, मोडून टाक. आप्पा म्हणायचे, नांगर सरळ हाय, बैल तसला हाय. आप्पा नांगराच्या रुमण्यावर उजवा हात जड ठेवायचे. मग तास सरळ यायचं."

"ह्याचा इथं काय संबंध?"

"तुमचं विमान आवाज चढला की डावीकडं जातंय. आवाज नसला की जात नव्हतं. पट्टी घातली त्याच्या आधीचं म्हणते मी."

काकू दारात आल्या होत्या. मला वाटलं आता उलटतपासणी. काका खुर्चीत बसले. कॉम्प्युटरला पेडलचं माप परत शिकवलं, म्हणजे पट्टीचा परिणाम गेला. विमान उंच नेलं आणि इंजिन अगदी हळू केलं. विमान सरळ खाली येत राहिलं, दोरीवरून घसरावं तसं. मग इंजिन पूर्ण चढवलं. नाक डावीकडं वळलं. परत हळू, सरळ. परत जोरात, डावीकडं. मग त्यांनी मोबाईल काढला आणि बराच वेळ वाचत बसले. बादली जिन्यात तशीच होती.

"रेणुका," शेवटी ते म्हणाले, "ह्या छोट्या विमानाच्या नाकावरचा पंखा फिरतो, त्या फिरण्यानं असलं विमान डावीकडेच ओढतं. खरं विमानसुद्धा. पायलट उजवा पाय दाबून धरतो आणि सरळ नेतो. हे शिकण्यासाठीच पेडल असतात."

काकूंनी विचारलं, "मग आधी सरळ कसं जात होतं?"

काकांनी चष्मा काढला. "आधी कॉम्प्युटरच गुपचूप उजवं पेडल दाबत होता. नवशिक्यांसाठी तशी सोय असते. पेडल बसवले त्या दिवशी ती मीच बंद केली."

 इंजिन अजून चालू होतं.

मालकांना फोन गेला. ते आले, दारातच थांबले. काका उठून उभे राहिले. मी त्यांना कुणासाठी उठताना पहिल्यांदा पाहिलं. "मारुती, वस्तू सरळ आहे. माझं चुकलं." मालकांनी खाली बसून ती पातळ पट्टी काढली आणि हातात धरून बघत राहिले. "ही घातली तवाच माजं चुकलं काका. तुमी वकील, तुमी म्हनालासा म्हंजे असंल म्हनून सरळ वस्तू वाकडी करून दिली. असलं काम कवा केलं न्हवतं." राहिलेले बारा हजार काकांनी तिथंच दिले. मग ते माझ्याकडं वळले, "आणि हिचे..." मी मालकांच्या मागून हात हलवले. काकूंना त्या मोतीबिंदूतूनही दिसलं. "ते तिचं आणि माझं आम्ही बघू," त्या म्हणाल्या.

माझे आठ हजार झाले होते. एकदम घरी नेले तर मालक विचारतील, म्हणून मीच सांगितलं, महिन्याला एक हजार द्या. चैत्रापासून मिळू लागले. घरी सांगायची, काकूंकडं साठवलेले आणलेत. मालक म्हणायचे, "बरं."

काका आता धावपट्टीवर उजवा पाय दाबून धरतात. विमान सरळ जातं. काकू अजून चमचे मोजतात. वाट्या पाच अजून चाकांखालीच आहेत, नव्या सहा आणल्या.

आज शेवटचे एक हजार मिळाले. काकांनी नोटा दिल्या आणि मी सवयीनं पावतीसाठी उभी राहिले. "सही नको," ते म्हणाले. "तुझी सही वेगवेगळी येते, माणूस तेच आहे हे मला कळलंय." मला कसंतरीच झालं. मी तिथंच नोटा मोजल्या. काका बघत होते, तरी मोजल्या.

घरी आले तर मालक खळ्यावर पंखा उघडून बसले होते. उद्या वारं द्यायचं म्हणून वंगण भरत होते. पुढची जाळी काढली होती. मी जवळ गेले आणि पंख्याच्या पोटात, दांड्याला धरून बसलेलं बेअरिंग दिसलं. काळं. कडेला लाल टिपका.

माझे पाय तिथंच थांबले. "हे कवाचं?"

"गेल्या सुगीतलं. तूच म्हनालतीस न्हवं, पंखा लई कुरकुरतोय, शेजारी शिव्या देत्यात. शेठना इचारून भंगारातलं आनलं. आजून बघ की कसं फिरतंय." त्यांनी बोटानं पातं ढकललं. ते आवाज न करता फिरत राहिलं.

गेल्या सुगीचे सगळे दिवस मी ह्याच पंख्यासमोर उभी होते. तो कुरकुरत नव्हता, आणि मी एकदाही विचारलं नाही की का कुरकुरत नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "काकूंकडले पैसे आनलेत."

मालकांनी फडक्यानं बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश. "शेवटचं व्हय?"

"कसलं शेवटचं?"

"आठातलं." ते पंख्याकडंच बघत होते. "पावत्या तांदळाच्या डब्यात ठेवत्यात व्हय गं कुनी? तांदूळ मी बी काढतो की कवा कवा. आन् ती बेअरिंगची पुडी सोडून परत बांधलीस, गाठ तुजी व्हती."

"मग बोलला का न्हाई?"

"तू इचारलंस का?"

त्यांनी जाळी बसवली, चार स्क्रू आवळले. मी नोटा पुढं केल्या. त्यांचे हात तेलकट होते म्हणून त्यांनी घेतल्या नाहीत, नुसत्या बघितल्या.

"फिटलं सगळं?"

"फिटलं," मी म्हटलं.

त्यांनी पंखा चालू केला आणि नोटा उडू नयेत म्हणून मी मूठ घट्ट मिटली.